पाश्चरांचा वारसा आणि मराठवाड्याचा गोठा

कोरडवाहू शेतकऱ्याचे बहुतेक भांडवल त्याच्या गोठ्यात उभे असते. लातूरकडील देवणी किंवा नांदेडकडील लाल कंधारी बैल ऐन पेरणीच्या तोंडावर घटसर्पाने दगावला, की त्या घरावर कर्जाचा डोंगर उभा राहतो. ह्या रोगाच्या जिवाणूचे ‘पाश्चुरेला’ हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या लुई पाश्चर यांचे चरित्र म्हणूनच मराठवाड्याला परके नाही.

फ्रान्समधील दोल गावी 27 डिसेंबर 1822 रोजी कातडी कमावणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते 1854 मध्ये लील येथे गेले. तेथील एका कारखान्यात बीटापासून काढलेला मद्यार्क नासू लागला, तेव्हा कारण शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. आंबण्याची क्रिया सूक्ष्म जीव घडवतात आणि परके जीव शिरले की माल नासतो, हे त्यातून पुढे सिद्ध झाले. 1868 मध्ये अर्धांगवायूचा झटका येऊनही त्यांचे संशोधन थांबले नाही. कोंबड्यांच्या पटकीचे जिवाणू रसात वाढवून ठेवले असता कालांतराने दुर्बल होतात आणि ते टोचलेली कोंबडी पुढे रोगातून बचावते, हे 1880 च्या सुमारास दिसून आले. मे 1881 मध्ये पुयी-ल-फोर येथे 24 मेंढ्या, 1 शेळी व 6 गुरे यांना काळपुळीची लस टोचण्यात आली. पुढे सर्वांना जहाल जिवाणू टोचले गेले. 2 जूनला लस घेतलेली जनावरे उभी होती. लस न दिलेल्या मेंढ्या दिवस मावळेपर्यंत मेल्या.

ह्या यशाला एक डागही आहे. तुलूझचे पशुवैद्य तूसँ यांनी 1880 मध्येच काळपुळीची लस केली होती. पाश्चर यांनी त्या जाहीर प्रयोगात वापरलेली लसही रसायनाने दुर्बल केलेली होती. ही गोष्ट त्यांनी लोकांपुढे मांडली नाही. त्यांच्या वह्यांतून ती पुढे उघड झाली. 28 सप्टेंबर 1895 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचे अर्थशास्त्रीय मर्म साधे आहे. जिवाणू आपण होऊन वाढतो. टाकीतील पोषक रसात तो अल्पावधीत अगणित होतो. मग त्याला फॉर्मलिनने मारून घटसर्पाची लस तयार करता येते. कच्चा माल स्वस्त; खर्च होतो तो शुद्धता, तपासणी आणि थंड साठवणीवर. पुण्यात 1889 मध्येच पशुरोगांची प्रयोगशाळा निघाली होती. ती पुढे मुक्तेश्वरला गेली. पुण्यातील शासकीय संस्थेत आजही घटसर्प व फऱ्या यांच्या लसी बनतात. परंतु स्वस्त लस कोठारात पडून राहिली, तर तिची किंमत शून्य. मृगापूर्वी ती कंधार-देवणीच्या गोठ्यापर्यंत पोचली, तरच शेतकऱ्याचे भांडवल वाचेल.