श्रीनिवास रामानुजन् यांचे समुद्रयान

गृहस्थाला दोन गोष्टी सोडणे फार जड जाते. एक, महिन्याच्या महिन्याला हाती पडणारे वेतन. आणि दुसरी, ज्या उंबरठ्याच्या आत आईबाप, पत्नी, देवघर व कुलाचार आहेत, तो उंबरठा. लोभाने या दोहोंचा त्याग करणारे पुष्कळ आढळतात. परंतु आपल्याला नेमून दिलेले कार्य पार पाडण्यासाठी, मिळणाऱ्या फळाचा हिशेब न करता ज्यांनी हा त्याग केला, अशी माणसे विरळा. कुंभकोणम् येथील श्रीनिवास रामानुजन् हे अशा विरळा माणसांपैकी होते. थोर गणिती म्हणून त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांच्या समुद्रयानामागे एका गरीब, आचारनिष्ठ घराने काय पणाला लावले होते, ते फारसे सांगितले जात नाही.

कुंभकोणम् हे कावेरीच्या काठचे पुरातन क्षेत्र. दर बारा वर्षांनी तेथे महामहम् पर्वाला लाखो भाविक स्नानासाठी लोटतात. महाराष्ट्रीयांनाही हे गाव परके नाही. इ. स. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावर प्रांतावर भोसल्यांचे राज्य होते आणि त्यांच्या आश्रयाने अनेक मराठी कुटुंबे या भागात स्थायिक झाली. पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून कीर्ती पावलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावातील मराठी घराण्यात झाला.

रामानुजन् यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी ईरोड येथे आजोळी झाला; बालपण मात्र कुंभकोणम् येथे गेले. वडील श्रीनिवास अय्यंगार एका कापडदुकानात कारकून होते. आई कोमलताम्माळ अत्यंत धर्मनिष्ठ व करारी होत्या. त्या देवळात भजने गात आणि त्यातून मिळणाऱ्या चार पैशांचा संसाराला हातभार लागे. शार्ङ्गपाणीच्या विशाल मंदिरासमोरच्या गल्लीत त्यांचे लहानसे घर होते. नामक्कल येथील नामगिरी देवी ही या कुटुंबाची आराध्य देवता. पुराणकथा, सोवळेओवळे आणि शुद्ध शाकाहार यांचा संस्कार त्या बालकाच्या मनावर आईच्या मांडीवरच झाला.

गावच्या टाउन हायस्कूलमध्ये मुलाची बुद्धी लवकरच चमकू लागली. १९०३ च्या सुमारास जॉर्ज कार नावाच्या इंग्रज लेखकाचा गणितग्रंथ त्याच्या हाती पडला. त्यात सुमारे ५,००० सिद्धान्त केवळ संक्षेपाने दिलेले होते. ते एकामागून एक स्वतः सिद्ध करण्याचा त्याने ध्यास घेतला आणि तेथून पुढे गणितावाचून त्याला दुसरे काही सुचेना. १९०४ मध्ये गणिताचे पारितोषिक व महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. पण इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने परीक्षा बुडाली आणि शिष्यवृत्तीही गेली. त्या अपमानाने १९०५ साली तो घरी न सांगता विशाखापट्टणकडे निघून गेला. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात पुन्हा प्रयत्न केला. तेथेही दोनदा अपयशच पदरी आले. कागद परवडत नसल्यामुळे तो पाटीवर गणित मांडी, कोपराने पुशी आणि केवळ अखेरचे उत्तर वहीत टिपून ठेवी. जगाच्या दृष्टीने तो वाया गेलेला मुलगा होता. त्याच्या मनात मात्र एक अखंड यज्ञ चालू होता.

१४ जुलै १९०९ रोजी आईने त्यांचा विवाह लावून दिला. वधू जानकी अवघ्या दहा वर्षांची होती. आता पोट भरण्याचा प्रश्न आला. वह्या काखोटीला मारून रामानुजन् अधिकाऱ्यांच्या दारी हिंडू लागले. नेल्लूरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी त्यांची योग्यता ओळखून काही काळ पदरखर्चाने त्यांना पोसले. परंतु दुसऱ्याच्या अन्नावर फार दिवस राहणे रामानुजन् यांच्या मनाला रुचेना. अखेर १ मार्च १९१२ पासून मद्रास बंदराच्या हिशेबखात्यात दरमहा ३० रुपयांवर त्यांना कारकुनी मिळाली. मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर हे स्वतः गणितज्ञ होते. संध्याकाळी दोघेही पाट्या घेऊन बसत. संसार मार्गी लागला. आईच्या जिवाचा घोर मिटला.

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन् यांनी केंब्रिजचे विख्यात गणिती हार्डी यांस पत्र लिहून आपले काही सिद्धान्त धाडले. याआधी ज्या इंग्रज पंडितांना त्यांनी लिहिले होते, त्यांच्याकडून साहाय्य मिळाले नव्हते. हार्डी व त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी मात्र ती पाने रात्री बसून तपासली आणि लिहिणारा मनुष्य असामान्य आहे असा निर्णय केला. त्यांनी रामानुजन् यांस केंब्रिजला बोलाविले. इकडे मद्रास विद्यापीठानेही त्या वर्षीच्या मे महिन्यापासून दोन वर्षांसाठी दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली आणि बंदराने त्यासाठी रजा मंजूर केली. पदवी नसलेल्या कारकुनाला एवढे मिळावे, ही सामान्य गोष्ट नव्हती. येथेच थांबले असते तर घर सुखी होते.

रामानुजन् यांनी प्रथम विलायतेस जाण्याचे नाकारले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी समुद्रोल्लंघन करणारा ब्राह्मण जातिबाह्य होत असे. परत आल्यावर त्याला पंक्तीला बसू देत नसत, श्राद्धपक्षाला बोलावीत नसत. आपल्याकडे १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा केवढे वादळ उठले होते, हे वाचकांस स्मरत असेल. कुंभकोणम् येथील सनातन वैष्णव घरात तर हा विचारही असह्य होता. आईची संमती नव्हती, आणि आईच्या इच्छेविरुद्ध पाऊल उचलणारे रामानुजन् नव्हते.

ही संमती पुढे कशी मिळाली, ते दोन प्रकारे सांगतात. एका हकीकतीप्रमाणे रामानुजन् नारायण अय्यरांसह नामक्कलला गेले, देवळात रात्री काढल्या आणि तेथे त्यांना जाण्याची आज्ञा झाली. दुसऱ्या हकीकतीप्रमाणे आईला स्वप्न पडले. आपला मुलगा गोऱ्या विद्वानांच्या सभेत बसला आहे, आणि त्याच्या कार्याच्या आड येऊ नकोस असे देवी नामगिरी आपणास बजावीत आहे, असे तिने पाहिले. कोणतीही हकीकत घेतली तरी अर्थ एकच निघतो. ज्या श्रद्धेने दार बंद केले होते, त्या श्रद्धेनेच ते उघडले. मुलाने आईचा धर्म मोडून घर सोडले नाही. आईने आपल्या आराध्य देवतेची इच्छा जाणून त्याला निरोप दिला.

१९१४ च्या आरंभी केंब्रिजचे अध्यापक नेव्हिल मद्रासला व्याख्यानांसाठी आले होते; त्यांनी रामानुजन् यांच्या उरलेल्या शंका दूर केल्या. विद्यापीठाने सालिना २५० पौंडांची वृत्ती मंजूर केली; तिच्यातील ५० पौंड घरच्यांच्या निर्वाहासाठी ठेवण्यात आले. निघण्याआधी आई व पत्नी यांना कुंभकोणमला पाठवून दिले. त्यानंतर रामानुजन् यांनी शेंडी उतरविली व परदेशी पोशाख चढविला. ते दृश्य आईच्या डोळ्यांना पडू नये, अशी त्यांची इच्छा होती. १७ मार्च १९१४ रोजी ‘नेवासा’ नावाच्या बोटीने त्यांनी मद्रासचा किनारा सोडला आणि १४ एप्रिलला ते लंडनला पोहोचले.

केंब्रिजमध्ये त्यांनी वेष बदलला, पण व्रत बदलले नाही. भोजनगृहातील अन्न त्यांनी वर्ज्य केले आणि खोलीतच स्वतः भात व रसम् शिजवून ते राहू लागले. थंडीने ते फार पीडले. पुढे भारतीय संख्याशास्त्र संस्थेची स्थापना करणारे प्रशांतचंद्र महालनोबीस तेव्हा तेथे विद्यार्थी होते. रामानुजन् अंगात ओव्हरकोट घालून, शाल पांघरून रात्र काढतात, असे त्यांना आढळले. बिछान्यावर नीट खोचलेल्या कांबळ्यांच्या आत शिरून झोपावयाचे असते, हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. अनेक अध्यापक व विद्यार्थी निघून गेले. भाजीपाला मिळेना, घरची पत्रेही वेळेवर येईनात.

अशा स्थितीत त्यांनी जे काम केले ते थक्क करणारे आहे. एकच उदाहरण देतो. ४ ही संख्या पूर्णांकांच्या बेरजेने पाच प्रकारे मांडता येते: ४; ३+१; २+२; २+१+१; आणि १+१+१+१. संख्या वाढली की हे प्रकार इतक्या वेगाने वाढतात की १०० या संख्येचे १९,०५,६९,२९२ प्रकार होतात. एकेक मोजत बसल्यास जन्म पुरणार नाही. हार्डी व रामानुजन् यांनी हे उत्तर सूत्राने काढण्याचा मार्ग शोधला आणि १९१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हार्डी ईश्वर न मानणारे, रामानुजन् आपल्या सूत्रांचे श्रेय नामगिरीला देणारे. तरी दोघांच्या सहकार्यात बाधा आली नाही. १९१६ मध्ये त्यांना केंब्रिजची पदवी मिळाली, २ मे १९१८ रोजी ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्रिनिटी महाविद्यालयाचे फेलो झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

पण देहाने दगा दिला. आहार, विहार, निद्रा व जागरण यांत प्रमाण राखणाऱ्यालाच योग दुःखनाशक होतो, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. रामानुजन् यांच्याकडून ते प्रमाण सुटले. रात्र-रात्र जागून काम, अवेळी एकदा शिजवलेले अन्न, आणि दुःख सांगावयास जवळ कोणी नाही, अशी त्यांची दशा झाली. १९१७ च्या वसंतापासून ते रुग्णालयांतून दिवस काढू लागले. डॉक्टरांनी बहुधा क्षय समजून उपचार केले; यकृताला जडलेला आमांशाचा विकार हेच मूळ असावे, असे पुढील काळातील वैद्यकीय चिकित्सकांचे मत आहे. १९१८ च्या आरंभी मन इतके खचले की त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. दैवयोगाने ते वाचले. घरीही शांती नव्हती. सासू-सुनेचे पटत नव्हते. जानकीने पतीला लिहिलेली आणि पतीने तिला लिहिलेली पत्रे मध्येच अडविली जात. तिकडे पतीला वाटे की पत्नी विसरली, इकडे पत्नीला वाटे की पती विसरला.

या काळोखातही त्यांच्या मनाची उंची ढळली नाही. मद्रास विद्यापीठाने त्यांना सालिना २५० पौंड देऊ केले होते. ११ जानेवारी १९१९ रोजी रुग्णशय्येवरून त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिले. ही रक्कम आपल्या गरजेहून अधिक आहे. इंग्लंडातील खर्च व आईवडिलांचे ५० पौंड वजा जाता जे उरेल, ते गरीब व अनाथ मुलांच्या शाळेच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी खर्चावे, असे त्यांनी कळविले. फी व पुस्तके यांवाचून अडलेला मुलगा कसा असतो, हे ते विसरले नव्हते.

२७ मार्च १९१९ रोजी ते मुंबईस उतरले. आई सामोरी आली होती. पत्नी दिसली नाही, तेव्हा तिचीच त्यांनी चौकशी केली. पुढील वर्षभर कोडुमुडी, कुंभकोणम् व मद्रास येथे जानकीने त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. मरणापूर्वी तीन-साडेतीन महिने, १२ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी हार्डी यांस एका सर्वस्वी नव्या शोधाचे पत्र धाडले; त्यावर गणिती आजही काम करीत आहेत. २६ एप्रिल १९२० रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मद्रास येथे त्यांचे देहावसान झाले.

आईची इच्छा होती की मुलाला रामेश्वरी नेऊन प्रायश्चित्त घडवावे. पण प्रकृतीमुळे ते घडले नाही. परिणामी, ज्याने विलायतेत मांसाला स्पर्श केला नाही, त्याच्या अंत्ययात्रेला समुद्रयानाच्या दोषामुळे बरेच आप्त आले नाहीत. अंत्यविधीची व्यवस्था रामचंद्र राव यांनी पाहिली. आचार हा माणसाला सांभाळण्यासाठी असतो, हे त्या दिवशी आचार सांभाळणारेच विसरले.

विद्यापीठाने विधवेला दरमहा २० रुपये निर्वाहवेतन दिले. जानकी अम्माळ काही वर्षे मुंबईस भावाकडे राहिल्या, तेथे शिवणकाम शिकल्या आणि पुढे मद्रासमध्ये त्याच कष्टाच्या मिळकतीवर ताठ मानेने जगल्या. एका पोरक्या मुलाला त्यांनी पोटच्यासारखे वाढविले. पतीच्या अखेरच्या दिवसांतील शंभराहून अधिक पाने १९७६ साली केंब्रिजच्या ग्रंथालयात सापडली, तेव्हा त्या हयात होत्या. १९९४ साली त्यांनी देह ठेवला.

आज समुद्रयानाला कोणी दोष देत नाही. घरोघरचे मुलगे व मुली परदेशी जातात. तथापि या चरित्रातून गृहस्थाने घ्यावयाचा बोध जुना झालेला नाही. जाणाऱ्याने स्वतःला विचारावे की मी कार्यासाठी जात आहे की केवळ अधिक वेतनासाठी. आणि गेल्यावर आपला देह व आपले व्रत दोन्ही सांभाळावे, कारण देह पडला तर कार्यही अर्धे राहते. मागे राहणाऱ्यांनी कोमलताम्माळप्रमाणे मन मोठे करून निरोप द्यावा, परंतु दूर गेलेल्याची व त्याच्या माणसांची पत्रे कधी अडवू नयेत. दूरदेशीच्या माणसाला अन्नाइतकाच आपुलकीच्या चार ओळींचा आधार असतो. आणि समाजाने परत आलेल्याला दारात उभे करून त्याचे दोष मोजू नयेत. थकून आला असेल तर त्याला पाणी द्यावे, घरात घ्यावे. कुंभकोणमच्या ज्या लहानशा घरातून रामानुजन् बाहेर पडले, ते आता स्मारक म्हणून जतन केलेले आहे आणि दूरदूरची माणसे तेथे जातात. दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाने तेथे जानकी अम्माळ यांचेही एकदा स्मरण करावे.