बहुश्रुत जनाबाई

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी गंगाखेड नावाचे गाव आहे. सुमारे सातशे वर्षांपूर्वी तेथे दमा आणि करुंड नावाचे एक गरीब दांपत्य राहत असे. दोघेही विठ्ठलाचे भक्त होते. जनी ही त्यांची मुलगी. लहान वयातच ती पोरकी झाली आणि पंढरपुरास दामाशेटी शिंप्यांच्या घरी दासी म्हणून वाढू लागली. या दामाशेटींचे पुत्र म्हणजे संत नामदेव.

नामदेवांचे घर भरलेले होते. माणसे पुष्कळ, मग कामे किती असतील! पहाटे दळण, मग सडासारवण, चंद्रभागेचे पाणी, धुणी, कांडण आणि रानात जाऊन शेण्या वेचणे. ही सारी कामे जनीच्या वाट्याला येत. तिला स्वतःचे घर नव्हते, संसार नव्हता. आपले असे कोणी नाही ही खंत तिच्या अभंगांतून वारंवार उमटते.

परंतु त्या घरात धनापेक्षा मोठी अशी एक गोष्ट होती. तेथे रात्रंदिवस शब्दांचा उत्सव चाले. आज आपण पुस्तक उघडतो आणि एकटेच मनातल्या मनात वाचतो. त्या काळी छापखाने नव्हते. ग्रंथ हाताने लिहून काढावे लागत, म्हणून पोथी दुर्मिळ असे. एकाने पोथी मोठ्याने वाचावी, अर्थ सांगावा आणि अनेकांनी ऐकावे, हेच तेव्हाचे वाचन. ज्याने पुष्कळ ऐकले तो विद्वान. मराठीतील बहुश्रुत हा शब्द याच अर्थाचा आहे. जनी अशी बहुश्रुत झाली. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. संस्कृतात असलेले गीतेचे ज्ञान मराठी बोलीत आले, ते याच पिढीत. ज्ञानदेव, मुक्ताबाई, गोरोबा, चोखोबा यांच्या सहवासाने पंढरीचे वाळवंट दुमदुमत असे, आणि त्या मेळ्यात नामदेवांच्या घरची ही दासीही उभी असे.

जे ऐकले ते टिपून ठेवण्यास जनीजवळ दौत-लेखणी नव्हती, जाते होते. जात्याची एक लय असते. खुंटा फिरवीत मूठमूठ दाणे घालताना त्या लयीवर शब्द बसवले, म्हणजे ते विसरत नाहीत. दिवसभर श्रवण केलेले जनी पहाटे जात्यावर आळवी आणि त्यात आपले शब्द मिसळी. तिच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. कृष्णजन्म, प्रल्हादचरित्र, हरिश्चंद्राची कथा असे विषय तिने हाताळले. त्यांतील थाळीपाकाची कथा पाहा. पांडव वनवासात असताना दुर्वास ऋषी शिष्यांसह अवेळी दारी येतात आणि द्रौपदीची थाळी रिकामी असते. रित्या भांड्यापुढे उभ्या राहिलेल्या स्त्रीची ही कथा जनीने निवडावी, यात नवल ते काय? थाळीपाक आणि द्रौपदीस्वयंवर या तिच्या रचनांपासून पुढे एकनाथांचे नातू मुक्तेश्वर यांनाही स्फूर्ती मिळाली, असे सांगतात.

जनी देवाला भिऊन बोलत नसे. कधी ती त्याला आई म्हणे, तर कधी रागावून त्याच्याशी भांडे. एका अभंगात तिने विठ्ठलाला लेकुरवाळा बाप कल्पून संतांना त्याच्या अंगाखांद्यांवर खेळवले आहे. कोणी खांद्यावर, कोणी कडेवर, कोणी बोट धरून चाललेला. त्या चित्रात सर्वांना जागा आहे. जनी मात्र बाजूस उभी राहून तो सोहळा पाहते आहे.

तिच्याविषयी अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागे, ही तर घरोघरी ठाऊक आहे. तिच्या शेण्यांतूनही विठ्ठलनाम ऐकू येते, हे पाहून कबीर चकित झाले, अशीही एक कथा आहे. कबीर तिच्यानंतर पुष्कळ वर्षांनी होऊन गेले. तेव्हा ही कथा इतिहास म्हणून नव्हे, तर लोकांच्या प्रेमाची खूण म्हणून ऐकावी.

एका गोष्टीबद्दल मात्र मराठी वाङ्मय तिचे ऋणी आहे. कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले, याची नोंद तिच्या नावावरील एका अभंगात आहे. ज्ञानदेवांचे शब्द सच्चिदानंदबाबांनी उतरले, निवृत्तिनाथांचे सोपानदेवांनी, मुक्ताबाईंचे स्वतः ज्ञानदेवांनी आणि चोखोबांचे अनंतभटांनी. थोरांचे शब्द कोणाच्या हाताने जपले गेले, याकडे एका दासीचे लक्ष होते!

परंपरेप्रमाणे शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीस जनाबाईने पंढरपुरी देह ठेवला. नामदेवांच्या समाधीचीही तीच तिथी मानतात. त्यानंतर कित्येक शतके खेड्यापाड्यांतील बायका पहाटे जात्याशी बसून जनीचे नाव घेत राहिल्या. त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. आईने म्हणावे आणि लेकीने ऐकून उचलावे, असे ते शब्द चालत आले. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि घरातील जाती कोपऱ्यात गेली. जनाबाईचे अभंग आता नामदेवांच्या गाथेत छापलेले मिळतात. पंढरपूरजवळ गोपाळपुरास तिचे म्हणून दाखवले जाणारे जाते आहे. वारकरी तेथे थांबतात आणि त्याचा खुंटा धरून एक फेरा फिरवतात.