सरखेल कान्होजी आंग्रे आणि दोन शहरें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे वडील अगर ज्येष्ठ बंधु नोकरीनिमित्त मुंबईस जातात. त्यांना एकदां विचारून पाहावें : चर्चगेट स्थानकावर उतरल्यावर तेथें वेस कोठें दिसते? फोर्टांत रोज कामाला जातां, तर त्या किल्ल्याचा तट कोठें आहे? बहुधा उत्तर मिळणार नाहीं. वेस गेली, तट पाडला गेला, खंदक बुजला. नांवें मात्र लोकांच्या तोंडीं राहिलीं. तो तट उभा राहिला त्या काळीं मुंबईकरांस ज्या पुरुषाचा मोठा धाक होता, तो खाडीपलीकडे आमच्या अलिबागेस राहत असे. त्याची समाधि ह्याच गांवांत आहे, आणि शाळेच्या वाटेवर तिच्याजवळून जाणारे कित्येक विद्यार्थी तिकडे वळूनहि पाहत नाहींत, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

त्या पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों. लढायांची जंत्री देण्याचा आमचा विचार नाहीं. एका माणसाच्या वागण्यानें समुद्राच्या दोन्ही अंगांस दोन निरनिराळीं शहरें कशीं आकारास आलीं, आणि त्या शहरांनीं उलट आपल्या रहिवाशांना कोणत्या संवयी लावल्या, एवढेंच पाहावयाचें आहे.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचें मूळ उपनांव संकपाळ. पुणें प्रांतांतील आंगरवाडी ह्या गांवावरून आंग्रे हें नांव पडलें. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या पदरीं होते. सुवर्णदुर्गास जंजिऱ्याच्या सिद्दीनें वेढा घातला असतां किल्ला राखण्यांत तरुण कान्होजींचा मोठा वाटा होता, असें परंपरा सांगते. १६९८ च्या सुमारास मराठी आरमाराचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं आणि ते सरखेल झाले. पुढें ताराबाई व शाहू महाराज ह्यांच्यांत गादीचा वाद पेटला. कान्होजी प्रथम ताराबाईंच्या पक्षास होते, आणि त्यांच्यावर चालून आलेले शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे ह्यांनाच त्यांनीं कैद केलें. तेव्हां बाळाजी विश्वनाथ भेटीस आले, बोलणें झालें, आणि १७१३-१४ च्या त्या तहानें कान्होजी शाहूंच्या पक्षास मिळाले. सरखेलीचें पद व किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्याकडे कायम राहिले.

त्यांचें मुख्य ठाणें कुलाबा. हा किल्ला शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं बांधावयास घेतला व संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत तो पुरा झाला. आमच्या बाहेरगांवच्या वाचकांसाठीं सांगावयाचें तें असें, कीं हा किल्ला भरतीच्या वेळीं बेट असतो आणि ओहोटीला तेथें पायीं जातां येतें. दिवसांतून दोनदां समुद्र वाट देतो व दोनदां ती काढून घेतो. अशा ठिकाणीं राजधानी असली म्हणजे तेथील जीवनक्रमच निराळा होतो. घटिकापात्र पाहून भागत नाहीं, पाणी पाहावें लागतें. धान्य नेणारा, अर्ज घेऊन येणारा, पागेचा मनुष्य, सर्वांनाच तिथि ध्यानांत ठेवून घराबाहेर पडणें भाग असे. अलिबागेच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आजहि पंचांग न पाहतां भरतीची वेळ सांगतां येते. सहलीस आलेल्या आणि परतण्यास उशीर झाल्यामुळें किल्ल्यांत अडकून पडलेल्या मंडळींना ती सांगतां येत नाहीं, म्हणून त्यांची फजिती होते.

किल्ला लहान, आणि दर्यावर्दी लोकांचा परिवार मोठा. सर्वांनीं तटाच्या आंत राहणें शक्य नव्हतें. म्हणून समोरच्या वाळूच्या पट्टीवर वस्ती वाढत गेली. गांव कान्होजींच्या पूर्वीहि होतें. अली नांवाच्या एका धनिकानें तेथें विहिरी खणल्या, बागा लावल्या, आणि त्यावरून अलिबाग हें नांव पडलें अशी आख्यायिका आहे. परंतु गांवाला शहरपण आलें तें आंग्र्यांच्या आश्रयानें. १७२० सालीं कान्होजींनीं किनाऱ्यावर काळ्या दगडांचा हिराकोट बांधला. ह्या लहानशा कोटाखेरीज सबंध वस्तीला वळसा घालणारा तट त्यांनीं बांधल्याचें दिसत नाहीं. रक्षण करावयाचें तें समुद्रांतील किल्ल्यानें आणि गलबतांनीं. वस्तीनें मोकळें पसरावें, असाच तो प्रकार झाला. त्यांनीं हें मुद्दाम योजिलें असेल असें आम्ही म्हणत नाहीं. बहुतेक गांवें गरजेनें घडतात, आणि योजना मागाहून लोक त्यांत पाहतात.

ह्या मोकळेपणामुळें घरें रांगेनें न बसतां वाड्यांत शिरलीं. आमच्या अष्टागरांतील वाडी सर्वांच्या परिचयाची आहे : पुढें अरुंद वाट, आंत नारळी-पोफळी, मध्यें विहीर, तिच्यावर रहाट, रहाटापासून निघालेले पाट, आणि ह्या सर्वांच्या आड घर. पाटाचें पाणी एका आळ्यांतून दुसऱ्यांत फिरवावयाचें तर घरांतील लहानमोठ्या सर्वांनीं वांटून काम करावें लागे. एका वाडीतून दुसरीत जाण्यास बांधावरची पायवाट असे, म्हणून शेजाऱ्याकडे पुढच्या दारानें जाण्याची रीतच नव्हती. चौकशी मागील दारीं, उसनवारी मागील दारीं, आणि भांडणेंहि तेथेंच. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या मुलास येथें प्रथम एकलकोंडें वाटतें, आणि येथून तेथें गेलेल्यास गर्दीनें गुदमरल्यासारखें होतें. दोघांचाहि स्वभाव त्यांच्या घराच्या दारापाशीं घडलेला असतो.

आंग्र्यांच्या आरमारांत नाना जातींचे लोक होते : कोळी, भंडारी, मुसलमान, तोफा चालविणारे कांहीं युरोपियनहि. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या बेने इस्राएल लोकांचीहि ह्या किनाऱ्यावर जुनी वस्ती आहे. जहाजावर हे सारे एका दोरखंडास हात लावीत. जमिनीवर उतरल्यावर मात्र प्रत्येकाची आळी निराळी : कोळीवाडा, ब्राह्मण आळी, इस्राएल आळी. हें लिहितांना आम्हांस अभिमान वाटत नाहीं. आळी निराळी म्हणून विहीर निराळी, आणि विहीर निराळी म्हणून मनें निराळीं, असें तें चक्र फिरत राहिलें. आमच्याच जिल्ह्यांतील महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केलें होतें. तळ्याला कुलूप नव्हतें, तरी अस्पृश्य मानलेल्या लोकांना तेथें पाणी घेण्याची सोय नव्हती. त्यासाठीं १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ठराव कागदावर होतो, पाणवठ्यावरची संवय त्यानें लगेच मोडत नाहीं.

आतां खाडीपलीकडे जाऊं. १६८९ सालीं सिद्दीनें मुंबई बेटावर उतरून शहराची दैना केली होती, आणि ती आठवण अजून ताजी होती. त्यांत कान्होजींचें आरमार वाढलें. आमच्या समुद्रांतून जावयाचें असेल तर आमचें दस्तक घेतलें पाहिजे, असा त्यांचा दावा होता. पोर्तुगीज लोक दोन शतकें हाच दावा करीत आले होते. पण एका मराठ्यानें तो करतांच इंग्रजांच्या दफ्तरांत तो चांचा ठरला. १७१३ सालीं कंपनीशीं तह झाला खरा, परंतु कंपनीचीं स्वतःचीं जहाजें कोणतीं आणि तिच्या निशाणाखालीं चालणारीं खासगी व्यापाऱ्यांचीं कोणतीं, ह्यावरून तंटा पुन्हां उपस्थित झाला. ज्यांचीं गलबतें धरलीं गेलीं त्या व्यापाऱ्यांना सरखेलांचा न्याय गोड लागला नसेल, हेंहि कबूल केलें पाहिजे.

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर झाला. शहर उघडें आहे असें पाहून त्यानें वस्तीभोंवतीं तट उभारला. त्याला तीन मुख्य वेशी होत्या : अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. ह्याच बूननें १७१८ सालीं खांदेरीवर स्वारी केली, ती फसली. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज ह्यांनीं मिळून कुलाब्यावर मोहीम केली. इंग्लंडच्या राजाच्या आरमारांतील जहाजें कमोडोर मॅथ्यूज ह्यानें आणलीं होतीं, आणि पोर्तुगीजांचें सैन्य चौलास जमलें होतें. बाजीराव पेशवे कान्होजींच्या मदतीस आले. हल्ला साफ फसला, दोघा मित्रांनीं एकमेकांस दोष दिला, आणि जानेवारी १७२२ मध्यें पोर्तुगीजांनीं तह करून अंग काढून घेतलें.

कान्होजींनीं मुंबईच्या तटावर कधींच हल्ला केला नाहीं. पण तटाचें काम शत्रु आल्यावरच सुरू होतें असें थोडेंच आहे? रात्रीं वेशी बंद होत; बाहेर राहिलेला बाहेर, आंत राहिलेला आंत. आंत सुरक्षितता म्हणून प्रत्येकजण आंतच जागा शोधूं लागला. घरावर घर चढलें, गल्ल्या अरुंद झाल्या. दक्षिणेस गोरे आणि उत्तरेस व्यापारी अशी विभागणी पडली. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली तेव्हां पुन्हां घबराट झाली, आणि तटाभोंवतीं खंदक खणण्यासाठीं व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपये वर्गणी दिली. पुढें तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून तटाबाहेरचीं घरें व झाडें काढून विस्तीर्ण पटांगण राखलें गेलें. १८०३ सालीं तटाच्या आंत दाट वस्तीला आग लागून मोठा भाग जळाला, आणि मग लोक पटांगणापलीकडे वस्तीस जाऊं लागले. १८६० नंतरच्या दशकांत सर बार्टल फ्रियर ह्याच्या कारकीर्दींत तट पाडला. चर्च गेट होतें त्या जागेवर १८६४ सालीं फ्लोरा फाउंटन उभें राहिलें. तोफांसाठीं राखलेल्या जागेपैकीं ओव्हल, क्रॉस व आझाद हीं मैदानें उरलीं आहेत. आमच्या शाळेचा क्रिकेटचा संघ त्यांपैकीं एकावर सामना खेळून आला, तेव्हां ती मोकळी जागा भीतीच्या पोटीं जन्मली आहे हें संघांतील कोणासच ठाऊक नव्हतें.

तटाची दुसरी गत पाहावयाची असेल त्यानें रेवदंड्यास जावें. पोर्तुगीजांचें हें तटबंदीचें शहर १७४० सालीं मराठ्यांकडे आलें. तट बराचसा आजहि उभा आहे, पण आंत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. चर्चच्या पडक्या भिंतींना लागून रहाटाच्या विहिरी आहेत. अष्टागरच्या लोकांनीं तट पाडण्याचे श्रम घेतले नाहींत; आंत शिरून आपल्या रीतीनें राहूं लागले, एवढेंच.

४ जुलै १७२९ रोजीं कान्होजींचें निधन झालें. त्यांच्या हयातींत कुलाबा कोणासहि घेतां आला नाहीं. पुढें मुलांत वांटणी झाली, भाऊबंदकी झाली. १७५६ सालीं पेशवे व इंग्रज ह्यांनीं मिळून तुळाजींचें विजयदुर्गचें आरमार बुडविलें. कुलाब्याची शाखा टिकली. रघुजींनीं १७५९ सालीं किल्ल्यांत गणपतीचें देऊळ बांधलें, आणि त्यांच्याच सुमारास खारेपाटांतील कित्येक बांध घालून समुद्राखालची जमीन भाताखालीं आली. १८४० सालीं औरस वारस नाहीं म्हणून इंग्रजांनीं संस्थान खालसा केलें. हिराकोटांत प्रथम खजिना आला व मागाहून तुरुंग. १८६९ सालीं कुलाबा जिल्हा झाला, अलिबाग त्याचें मुख्य ठिकाण. १९८१ पासून जिल्ह्याचें नांव रायगड आहे.

बूननें ज्या जुन्या कोटाला मध्यें धरून तट फिरविला होता, त्या बॉम्बे कॅसलचा थोडा भाग मुंबईस अद्याप शिल्लक आहे. तेथें आतां भारतीय नौदलाचें ठाणें आहे. सामान्य माणसास आंत प्रवेश नाहीं. १९५१ सालीं त्या ठाण्याचें नांव बदलून आंग्रे असें ठेवण्यांत आलें.