फ्रेंच चित्रकार दलाक्र्वा

अझेन दलाक्र्वा ह्याचा जन्म ता. २६ एप्रिल १७९८ रोजीं पॅरिसजवळ झाला. बाप एके काळीं फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री होता; परंतु मुलगा सात वर्षांचा असतांनाच तो वारला, व मुलगा सोळा वर्षांचा झाला तों आईही गेली. घरची संपत्ति लयास गेली आणि ह्या पोरक्या मुलास कुंचल्यावांचून दुसरा आधार उरला नाहीं.

त्या काळीं फ्रान्समध्यें पूर्वेकडील देशांचें मोठें वेड होतें. नेपोलियनच्या मिसर देशावरील स्वारीपासून तुर्की पागोटीं, वांकड्या तलवारी व अरबी घोडे ह्यांचीं चित्रें रसिकांस फार आवडूं लागलीं होतीं. तीं काढणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं तो प्रदेश डोळ्यांनीं पाहिलेलाही नव्हता. दलाक्र्वाही त्यांतलाच. तुर्की फौजेनें १८२२ सालीं किओस बेटावरील ग्रीक लोकांची कत्तल केली. त्या प्रसंगाचें भव्य चित्र त्यानें १८२४ सालीं प्रदर्शनांत मांडलें. त्यासाठीं पोषाख मात्र एका मित्राच्या संग्रहांतून उसने आणले होते! पुढें त्यानें सार्दानापालस राजाचा मृत्यु रंगविला. अश्शूरचा हा राजा शय्येवर पहुडून आपल्या दासींचा व घोड्यांचा वध निर्विकारपणें पाहत आहे, असें तें चित्र. सोळा फूट रुंदीच्या त्या पटावर रंगांची उधळण आहे खरी. पण असला पूर्वदेश पृथ्वीच्या पाठीवर कोठेंच नव्हता. चित्रावर टीकेची झोड उठली व कांहीं काळ सरकारी कामें मिळेनाशीं झालीं.

१८३० सालीं फ्रान्सनें अल्जीर्स शहर जिंकलें. तेव्हां शेजारच्या मोरोक्कोच्या सुलतानाशीं सलोखा राखणें प्राप्त झालें, म्हणून १८३२ च्या जानेवारींत काउंट द मोर्ने हा वकील निघाला. सोबतीस दलाक्र्वा होता. टँजियर बंदरांत पाऊल ठेवतांच त्याची दृष्टि पालटली. पांढरा बुरनूस पांघरून उभा असलेला साधा मनुष्यही त्यास प्राचीन रोमच्या सभासदाइतका भारदस्त वाटला. पॅरिसच्या शाळेंत प्लास्टरच्या पुतळ्यांवरून जें शिकावयाचें, तें येथें रस्त्यानें चालत होतें. मेकनेस येथें सुलतानाच्या भेटीस जातांना वाटेंत त्यानें वह्या भरल्या: पेन्सिलीच्या चार रेषा, शेजारीं रंगाचें नांव, मागाहून त्यांत पाण्याचे रंग. मुसलमानांच्या घरांत परक्या पुरुषास प्रवेश नसे. परंतु दुभाषा अब्राहाम बेनशिमोल हा यहुदी असल्यामुळें यहुद्यांचीं घरें व त्यांचा एक लग्नसमारंभ त्यास पाहावयास मिळाला.

परततांना जून महिन्यांत तो तीन दिवस अल्जीर्स येथें उतरला. तेथें एका मुसलमान घराचें अंतःपुर त्याच्यासाठीं उघडण्यांत आलें, असें सांगतात. तें दार त्याच्या गुणांनीं उघडलें नाहीं. शहरावर फ्रेंच तोफांचा ताबा होता, म्हणून उघडलें. ह्या भेटींतून झालेलें चित्र १८३४ सालीं लोकांपुढें आलें. त्यांत कत्तल नाहीं, आकांत नाहीं. तीन स्त्रिया स्वस्थ बसल्या आहेत व एक कृष्णवर्ण दासी मान वळवून पाहत चालली आहे, एवढेंच. सावलीलाही रंग असतो, तांबड्याशेजारीं हिरवा ठेविला तर दोन्ही उजळतात, हें त्यानें येथें असें साधलें कीं पुढें रेन्वार व सेझान हे त्यापासून शिकले. मूळ रेखाटनांवर त्यानें त्या स्त्रियांचीं मूनी, झोरा अशीं नांवें लिहून ठेविलीं आहेत. चित्राच्या नांवांत मात्र त्या केवळ अल्जीर्सच्या स्त्रिया राहिल्या.

१८४४ सालीं फ्रान्सनें मोरोक्कोशीं युद्ध करून त्याचा पराभव केला. पुढच्याच वर्षीं दलाक्र्वानें सुलतान अब्दुर रहमान ह्याचें मोठें चित्र मांडलें. आरंभींच्या खर्ड्यांत असलेला फ्रेंच वकील त्यानें ह्यांतून सरळ वगळला. तटापुढें छत्राखालीं घोड्यावर बसलेला सुलतान, आणि भोंवतीं त्याचींच माणसें. विजयी राष्ट्राच्या चित्रकारानें शत्रूस दिलेला हा मान मला त्याच्या सर्व रंगांहून मोठा वाटतो.

अकादमीनें त्यास सात वेळां नाकारून १८५७ सालीं एकदांचें आंत घेतलें. प्रकृति खालावली होती. तरी पॅरिसच्या सेंट सुल्पीस चर्चमधील भित्तिचित्रें त्यानें १८६१ सालीं पुरीं केलीं. तेथें देवदूताशीं झोंबी घेणाऱ्या याकोबामागें उंट व मेंढरें ह्यांचा तांडा चालला आहे. आफ्रिकेंत तो पुन्हां कधीं गेला नाहीं. पण १८६३ सालींही डोंगरांत लढणारे अरब स्वार तो रंगवीत होता. त्याच वर्षीं ता. १३ ऑगस्ट रोजीं तो वारला. प्रवासाच्या वह्या पुढल्या वर्षीं लिलांवांत विकल्या गेल्या. त्यांपैकीं कांहीं आज लूव्हर संग्रहालयांत आहेत.