रोजचं पाणी: पंडिता रमाबाईंची प्रार्थना

आजचं वाचन: मत्तय ६:२५-३४



पाखरं आणि रानफुलं यांचा हा भाग आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. इतका पाठ की वाचताना डोळे ओळीवरून घसरत जातात. चिंता करू नका असं प्रभू सांगतो, आपण आमेन म्हणतो आणि पुढच्या मिनिटाला फोनवर ईएमआयचा मेसेज बघतो. म्हणून आज या भागावर विवेचन करण्याऐवजी एका बाईची गोष्ट सांगतो. तिने हा भाग ज्या परिस्थितीत जगून दाखवला, तिच्यापुढे आपली ऑन-कॉलची रात्र फारच सोपी वाटते.

मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. परभणीहून गंगाखेड, परळी, लातूर, कुर्डुवाडी करत पुण्याला येणारी गाडी दौंड सोडल्यावर थोड्या वेळात केडगाव ओलांडते. आमच्याकडचे शेकडो पोरं-पोरी नोकरीसाठी याच मार्गाने पुण्याला येतात आणि केडगाव यायच्या आधीच बॅगा आवरायला लागतात. त्या स्टेशनाजवळ मुक्ती मिशन आहे. ते पंडिता रमाबाईंनी उभं केलं.

शाळेच्या पुस्तकात रमाबाई समाजसुधारक म्हणून भेटतात. स्त्रीशिक्षण, विधवांसाठी शारदा सदन, दोन-तीन ओळी आणि परीक्षेत एक गुण. ते सगळं खरंच आहे. पण त्यांच्या प्रार्थनेबद्दल तिथे काही येत नाही, आणि माझ्या मते बाकीचं सगळं त्या प्रार्थनेवर उभं होतं.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणं सांगत फिरायचं. आईने रमाला शिकवलं आणि ती लहान वयातच भागवत मुखोद्गत म्हणू लागली. मग दुष्काळ आला. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि देवदर्शनात गेलं होतं, आणि मजुरी करायची सवय कुणालाच नव्हती. झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, मागोमाग आई गेली, मग मोठी बहीण. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसं मिळेनात तेव्हा रमाने खांदा दिला. उंची कमी पडत होती म्हणून तिने तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला आणि ती मैलोन्‌मैल चालली.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगतोय. देवावर अवलंबून राहण्याविषयी पोटभर जेवलेल्या माणसाने बोललं की मला थोडा संशय येतो. (माझ्यासकट.) आमच्याकडे जुनी माणसं अजून बहात्तरच्या दुष्काळाचं नाव काढलं की गप्प होतात. रमाबाईंनी त्याहून भयंकर काळ बघितला होता, आणि त्या काळात घरातल्यांनी मनापासून केलेली उपासनाही बघितली होती. देवाला हाक मारूनही माणसं मरतात, हे त्यांना विसाव्या वर्षाआधी माहीत झालं होतं.

पुढचं भराभर सांगतो. भाऊ श्रीनिवास आणि रमा पायी देश फिरले, १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जात ओलांडून. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. सिलचरच्या त्याच घरात, नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये, त्यांना लूकचं बंगालीतलं शुभवर्तमान सापडलं होतं. मग पुणे, आर्य महिला समाज, आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंड. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकी राहिलीच. वाँटेज इथल्या भगिनींची सेवा बघून २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

इथे आपण सहसा गोष्ट संपवतो. साक्षीच्या सभेत बाप्तिस्मा झाला की टाळ्या वाजतात. पण रमाबाईंच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे त्यांना शांती त्या दिवशी मिळाली नाही. ती मिळायला साधारण आठ वर्षं गेली!

या आठ वर्षांत त्या स्वस्थ बसलेल्या नव्हत्या. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे वाद झाले. त्या शाकाहारीच राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, आपल्याला संस्कृत जवळची, हेही त्यांनी ठणकावून सांगितलं. पंथांच्या शिकवणी एकमेकींशी जुळेनात तेव्हा त्यांनी प्रश्न विचारणं थांबवलं नाही. मग अमेरिकेला गेल्या, पुस्तक लिहिलं, बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली आणि तिने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, यांना आता कसली कमी?

१८९१ च्या सुमारास त्यांच्या हातात विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाची आत्मकथा पडली. हा माणूस पाळक झाल्यानंतर, आपल्याच चर्चमध्ये उपदेश करताना तारण पावला होता. रमाबाईंना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. धर्म त्यांनी अभ्यास करून, तोलून, पटवून घेऊन निवडला होता. आता देवापुढे काही घेऊन जायचंच नव्हतं. विद्वत्ता नको, काम नको, त्यागही नको. आहे तशी आले, एवढंच. नंतर त्यांनी आपली साक्ष लिहिली तेव्हा या वळणाला बाप्तिस्म्यापेक्षा जास्त जागा दिली.

आमच्या तरुणांच्या प्रार्थनागटात मध्यंतरी एका पोराने विचारलं की रोज प्रार्थना करतो तरी छातीतली धडधड जात नाही, मग माझा विश्वास खोटा का? त्याच्या टीममधली निम्मी माणसं कमी झाली होती आणि पुढची यादी शुक्रवारी येणार होती. त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, धडधड फार दिवस टिकली तर डॉक्टरला दाखव, त्यात अविश्वास नाही. दुसरी, रमाबाईंची ही आठ वर्षं. त्या काळातली त्यांची प्रार्थना खोटी होती असं मला वाटत नाही. प्रभू तेव्हाही ऐकत होता. बाई मात्र अजून सगळा भार स्वतःच उचलत होत्या, आणि उचलायची त्यांना लहानपणापासून सवय होती.

शांती मिळाल्यावर काय झालं? भांडण झालं! हे वाचून मला नेहमी हसू येतं. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. मुली हळूहळू आत येऊन बसायला लागल्या. शारदा सदनात धर्म शिकवला जाणार नाही असं ठरलं होतं, त्यामुळे पुण्यात गदारोळ उठला. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी १८९३ मध्ये बाजूला झाली. केसरीने तर आधीपासून टीका चालवली होती. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. मला त्या पालकांचाही राग येत नाही. ज्या विश्वासाने त्यांनी विधवा लेकी पाठवल्या होत्या, त्याला धक्का बसला असं त्यांना वाटलं. रमाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. सदनात प्रत्येक मुलीला आपापला धर्म पाळायची मोकळीक होती. मग आपण स्वतःच्या खोलीत आपल्या देवाशी बोलताना दार का लावायचं? त्यांनी दार लावलं नाही. बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांत त्या वाद घालून आपली बाजू सिद्ध करत. या वेळी त्यांनी रोजच्या वेळी रोजची प्रार्थना केली आणि होणारं नुकसान सोसलं.

आता केडगाव. तिथली शंभरएक एकर जमीन त्यांनी फळबागेसाठी घेतली होती. सदनाला उत्पन्न मिळावं हा साधा हिशोब. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आईची तिरडी डोक्यावर वाहिलेली बाई ती बातमी वाचून घरात बसणं शक्य नव्हतं. त्या स्वतः गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. इतक्यांसाठी ना इमारत होती, ना वेगळा निधी. त्यातच पुण्यात प्लेग आला आणि इतक्या जणींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग त्या सगळ्या केडगावच्या उघड्या शेतात आल्या. तंबू, झोपड्या आणि वरून ऊन.

इथून रमाबाईंनी ठरवून एक वाट धरली. जॉर्ज म्यूलरने इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवला, तो कुणाकडे पैसे न मागता, फक्त देवाला सांगून. त्याचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. चीनमध्ये असंच काम करणाऱ्या हडसन टेलरच्या मिशनची हकिकतही वाचली होती. आपल्या देशात असं होईल का, हा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेतल्या मंडळींच्या वचनाची दहा वर्षं १८९८ मध्ये संपत होती. त्या तिकडे जाऊन आल्या, मंडळाची नव्याने बांधणी झाली आणि शारदा सदनाची मदत चालू राहिली. पण केडगावचं मुक्ती सदन ठरलेल्या रकमेवर उभं नव्हतं. तिथे पैसे येतील तसे येत. कधी मनीऑर्डर, कधी परदेशातून एखाद्या अनोळखी माणसाची देणगी. आजच्या भाषेत सांगायचं तर बाईंकडे ना रनवे होता, ना बॅकअप.

१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ, या वेळी गुजरात-काठियावाडात फार मोठा. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, तोही त्या वर्षांत होरपळला होता. रमाबाईंनी माणसं पाठवून मुली आणल्या आणि मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शिवाय गुरंढोरं, शिवाय चालू बांधकाम. पाणी विहिरींचं, आणि आजूबाजूच्या विहिरी आटत चाललेल्या.

तेव्हाची हकिकत अशी आहे. दिवसभरात सगळं पाणी उपसलं जायचं, संध्याकाळी विहिरीचा तळ दिसायचा आणि सकाळी त्या दिवसापुरतं पाणी झिरपून आलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. ज्याने मराठवाड्यात मे महिन्यात विहिरीत वाकून बघितलंय, त्याला यातला रात्रीचा भाग कळेल. सकाळी पाणी आलं हे आपण आज वाचतो. पण रात्री झोपताना त्या बाईंच्या डोळ्यांसमोर कोरडी विहीर आणि उद्या उठणारी दोन हजार माणसं होती. आणि त्या झोपत होत्या.

रोजच्या भाकरीची प्रार्थना आपण रविवारी एका सुरात म्हणतो. तिच्यात महिन्याचं धान्य मागितलेलं नाही, आजचं मागितलंय. पगार महिन्याच्या शेवटी एकरकमी जमा होणाऱ्या माणसाला हे समजणं जरा अवघडच.

रमाबाई नुसत्या गुडघे टेकून बसल्या असंही नाही. त्यांनी विहिरी खोदून घेतल्या. मुक्तीत हातमाग होते, तेलघाणा होता, छापखाना, गोठा, शाळा होती. हिशोब चोख होता. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट ऐकत वाढलेल्याला यात नवल वाटू नये. जात्यावर बसलेल्या बाईसोबत देव दळायला बसतो, हे आम्ही आजीच्या मांडीवर ऐकलंय. रमाबाईंचा देव वेगळ्या नावाने त्यांना भेटला, पण तोही कामाच्या जागीच होता.

१९०५ मधल्या जागृतीबद्दल बरंच लिहिलं गेलंय. जानेवारीत सत्तरेक जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशेच्या घरात गेल्या आणि महिनाअखेरीस शेकडो मुली रडत, मोठ्याने एकदम प्रार्थना करू लागल्या. लोक दुरून बघायला आले. माझं मन मात्र त्या अग्नीपेक्षा विहिरीपाशीच जास्त रेंगाळतं. हा कदाचित माझ्या जिल्ह्याचा दोष असेल.

शेवटची वर्षं सोपी नव्हती. बहिरेपण वाढलं होतं. खेड्यातल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत पवित्र शास्त्र असावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंधराहून जास्त वर्षं त्यांनी एकटीने भाषांतर केलं आणि मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवले. काम मनोरमा पुढे नेणार होती. तिने निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला शाळाही चालवली होती. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता चाळीस वर्षांची एकुलती एक लेक.

रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. मुक्तीत असं सांगतात की काम पुरं करायला त्यांनी देवाकडे थोडे दिवस मागून घेतले. मनोरमाला जाऊन नऊ महिनेही झाले नव्हते तेव्हा, ५ एप्रिल १९२२ ला, त्या गेल्या. दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते संपूर्ण शास्त्र केडगावच्या छापखान्यातून छापून बाहेर पडलं.

उद्याचं वाचन: मत्तय ७:१-१२