Explained नव्हे, विश्लेषण : नियमाप्रमाणे बाद केलं, तरी नाव बदनाम का झालं? ‘मंकडिंग’मागचे विनू मंकड नेमके कोण होते?

गोलंदाज धावत येतो, चेंडू टाकायच्या ऐवजी थांबतो आणि आपल्याच बाजूच्या बेल्स उडवतो. नॉन-स्ट्रायकर क्रीझपासून दोन पावलं पुढे गेलेला असतो. पंच बोट वर करतात. पुढच्या पाच मिनिटांत सोशल मीडियावर दोन तट पडतात आणि १९७८ मध्ये निधन झालेल्या एका माणसाचं आडनाव पुन्हा ट्रेंड व्हायला लागतं. २०१९ च्या आयपीएलमध्ये रविचंद्रन अश्विननं जयपूरला जोस बटलरला बाद केलं तेव्हा हेच झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये दीप्ती शर्मानं लॉर्ड्सवर चार्ली डीनला बाद केलं तेव्हाही तेच.

तो माणूस म्हणजे विनू मंकड. ४४ कसोटी सामने, २१०९ धावा आणि १६२ बळी. हे आकडे फारसे कुणाला आठवत नाहीत. आठवतो तो त्यांच्या आडनावाचा केलेला शब्द, आणि तोही जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. गंमत म्हणजे ज्या घटनेवरून हा शब्द आला, त्यात मंकड यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. वेळेआधी क्रीझ सोडून निघाला होता तो समोरचा फलंदाज.

जामनगरचा मुलगा, सात संघांचा खेळाडू

मूळवंतराय हिम्मतलाल मंकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगरचा. विनू हे शाळेपासूनचं टोपणनाव, तेच पुढे धावफलकावर गेलं. जामनगर म्हणजे तेव्हाचं नवानगर संस्थान, रणजितसिंहजी आणि दुलीपसिंहजी यांचं. तिथे क्रिकेटला राजाश्रय होता. ससेक्सचे व्यावसायिक क्रिकेटपटू बर्ट वेन्सली तिथे प्रशिक्षक म्हणून आले होते आणि मंकड यांची डावखुरी फिरकी त्यांनी घडवली. १९३६-३७ मध्ये नवानगरनं रणजी करंडक जिंकला, तेव्हा मंकड विशीच्या उंबरठ्यावर होते. पुढच्याच मोसमात लॉर्ड टेनिसन यांचा इंग्लिश संघ भारतात आला आणि या मुलानं बॅट आणि चेंडू दोन्हींनी पाहुण्यांना हैराण केलं.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि ऐन उमेदीची वर्षं गेली. पहिली कसोटी खेळायला मिळाली ती जून १९४६ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी. त्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत हजारांवर धावा केल्या आणि शंभरावर बळी घेतले. ‘विस्डेन’नं १९४७ च्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली.

रणजीत ते नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान अशा वेगवेगळ्या संघांकडून खेळले. आज वाचताना हे विचित्र वाटतं, पण तेव्हा क्रिकेटवर पोट भरणाऱ्याला जिथे काम मिळेल तिथे जावं लागे. मंकड हे व्यावसायिक खेळाडू होते, संस्थानिक नव्हते. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

सिडनीत काय घडलं?

१९४७ च्या हिवाळ्यात लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ ऑस्ट्रेलियाला गेला. स्वातंत्र्यानंतरचा हा पहिला दौरा. समोर डॉन ब्रॅडमन यांचा संघ. मालिका ऑस्ट्रेलियानं ४-० अशी जिंकली, त्यामुळे भारताच्या दृष्टीनं सांगण्यासारखं फार नाही असं वाटू शकतं. पण याच दौऱ्यात सांगलीच्या विजय हजारे यांनी अॅडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतकं ठोकली, कोल्हापूरच्या दत्तू फडकर यांनी सिडनीत पदार्पणातच अर्धशतक केलं आणि मंकड यांनी मेलबर्नला दोन शतकं केली.

वादाची सुरुवात कसोटीत झाली नाही, त्याआधी झाली. नोव्हेंबरमध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियन इलेव्हनविरुद्ध सराव सामना होता. ब्रॅडमन यांनी प्रथम श्रेणीतलं आपलं शंभरावं शतक केलं तो हाच सामना, त्यामुळे तो त्यांच्याच नावानं लक्षात राहिला. प्रत्यक्षात सामना भारतीयांनी जिंकला आणि दुसऱ्या डावात मंकड यांनी ८ बळी घेतले. या सामन्यात सलामीवीर बिल ब्राऊन मंकड चेंडू सोडण्याआधीच क्रीझबाहेर निघत होते. मंकड यांनी आधी त्यांना ताकीद दिली. ब्राऊन पुन्हा निघाले, तेव्हा मंकड यांनी त्यांना धावचीत केलं.

महिनाभरानं, १३ डिसेंबर १९४७ रोजी, त्याच मैदानावर दुसरी कसोटी सुरू होती. पावसानं खेळपट्टी बिघडलेली. भारत १८८ वर आटोपला होता आणि ऑस्ट्रेलियाची अवस्था त्याहून वाईट होणार होती, सगळा संघ १०७ वर बाद. अशा सामन्यात एकेक धाव महत्त्वाची असते. ब्राऊन १८ धावांवर नॉन-स्ट्रायकर होते आणि पुन्हा आधीच निघाले. मंकड यांनी या वेळी वेगळी ताकीद दिली नाही, बेल्स उडवल्या. ब्राऊन बाद.

ऑस्ट्रेलियातल्या काही वृत्तपत्रांनी हे खिलाडूवृत्तीला धरून नाही म्हणून टीका केली आणि अशा बाद होण्याला मंकड यांचं नाव चिकटवलं. ज्याच्या संघाचा फलंदाज बाद झाला त्या कर्णधाराचं मत मात्र उलट होतं. ब्रॅडमन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेअरवेल टू क्रिकेट’ या आत्मकथनात मंकड यांची बाजू घेतली. नियम स्पष्ट आहे, नॉन-स्ट्रायकरनं क्रीझमध्ये राहायचं असतं आणि तो आधी निघाला तर अन्यायानं फायदा उकळतो, असा त्यांचा रोख होता. ताकीद द्यावी असं नियमात तेव्हाही नव्हतं, आजही नाही. ताकीद हा शिष्टाचार होता आणि तोही मंकड यांनी एकदा पाळला होता.

ब्राऊन पुढच्या दोन कसोटींत खेळले नाहीत. पाचव्या कसोटीत परतले आणि ९९ वर धावचीत झाले. या वेळी मात्र नेहमीच्या पद्धतीनं, म्हणून ते कुणाला आठवत नाही.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. धावचीत बळी गोलंदाजाच्या खात्यात जमा होत नाही. म्हणजे मंकड यांच्या १६२ कसोटी बळींत बिल ब्राऊन यांची ती विकेट मोजलेलीच नाही.

दोन पावलांनी फरक किती पडतो?

थोडं गणित करू. दोन्ही बाजूंच्या पॉपिंग क्रीझमधलं अंतर ५८ फूट, म्हणजे सुमारे १७.७ मीटर. एक धाव पूर्ण करायला साधारण ३ सेकंद धरा. फलंदाज दीड मीटर आधी निघाला तर त्याचा जवळपास पाव सेकंद वाचतो. ताशी १०० किलोमीटर वेगानं आलेला थ्रो पाव सेकंदात ७ मीटर अंतर कापतो. धावचीतचे निर्णय रिप्लेमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवून दिले जातात. तिथे पाव सेकंद म्हणजे बाद आणि नाबाद यांतला सगळा फरक.

आता त्याच रेषेवरच्या गोलंदाजाकडे बघा. त्याचा पाय सेंटीमीटरभर पुढे पडला तर नो-बॉल, वर टी-ट्वेंटी आणि वनडेत फ्री हिट. त्याला कुणी ताकीद देत नाही आणि नो-बॉल देणाऱ्या पंचाला कुणी अखिलाडू म्हणत नाही. पनवेल-उरण पट्ट्यातल्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सहा-आठ षटकांच्या सामन्यात नॉन-स्ट्रायकर अर्ध्या पीचवर पोहोचलेला असतो आणि भांडण होतं ते त्याला बाद करणाऱ्याशी.

गोल्फमध्ये हेच झालं असतं तर?

खिलाडूवृत्तीचा विषय निघाला की गोल्फचं उदाहरण दिलं जातं. खारघरला सिडकोचं गोल्फ कोर्स आहे, पण आपल्याकडे बहुतेकांनी ते बाहेरूनच पाहिलेलं असतं, म्हणून थोडक्यात सांगतो. गोल्फमध्ये प्रत्येक फटक्यामागे पंच उभा नसतो. चूक झाली तर खेळाडूनं स्वतः सांगायची आणि स्वतःच्या कार्डावर दंडाचा फटका लिहायचा. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स यांचा चेंडू फटक्याच्या तयारीत असताना किंचित हलला. इतर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जोन्स यांनी स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. शेवटी ते विली मॅकफार्लेन यांच्या बरोबरीत राहिले आणि प्लेऑफमध्ये हरले. तो एक फटका नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती.

या प्रतिमेला धक्का बसला २०१८ मध्ये. यूएस ओपनच्या तिसऱ्या फेरीत फिल मिकल्सन यांनी ग्रीनवर पट केलेला चेंडू भोकाच्या पुढे घरंगळत चालला होता. मिकल्सन धावत गेले आणि तो हलता असतानाच त्याला पुन्हा मारला. दंड दोन फटक्यांचा. चेंडू खाली जाऊन अवघड जागी थांबला असता तर त्याहून जास्त फटके गेले असते, हा हिशेब करूनच आपण तसं केलं हे त्यांनी नंतर मान्य केलं. स्पर्धेतून त्यांना बाद केलं गेलं नाही, पण टीका जोरदार झाली, आणि झाली ती मिकल्सन यांच्यावर.

गोल्फमध्ये बोट रोखलं जातं ते नियम मोडणाऱ्याकडे. क्रिकेटमध्ये या एका प्रकारात ते नियम दाखवणाऱ्याकडे रोखलं गेलं. मला याचं एक कारण वर्गभेदाचं वाटतं. काय शोभतं आणि काय नाही हे त्या काळी ठरवत होते ते उपजीविकेची चिंता नसलेले हौशी खेळाडू. मंकड पगारी खेळाडू होते, आणि नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशाचे.

लॉर्ड्स १९५२ : तो सामना लक्षात राहायला हवा होता

मंकड यांचं नाव एखाद्या गोष्टीला द्यायचंच तर ती १९५२ ची लॉर्ड्स कसोटी आहे, आणि इंग्लंडमध्ये खरंच ती मंकड यांची कसोटी म्हणून ओळखली जाते.

त्या वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारतानं इतिहासातला पहिला कसोटी विजय मिळवला. इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवलं, आणि त्या सामन्यात १२ बळी एकट्या मंकड यांचे. पहिल्या डावात ८ बळी ५५ धावांत. उन्हाळ्यात संघ इंग्लंडला जाणार होता. मंकड यांना लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबचं कंत्राट मिळत होतं. दौऱ्यावर निवड नक्की असल्याची हमी बोर्डानं दिली नाही, तेव्हा त्यांनी कंत्राट घेतलं. कुटुंब चालवणाऱ्या माणसानं दुसरं काय करायला हवं होतं?

लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्य धावांवर ४ बाद झाली. मग मंकड यांची आठवण झाली. क्लबकडून त्यांना सोडवून घेण्यात आलं आणि लॉर्ड्सवर उतरवलं. सलामीला येऊन ७२ धावा. मग इंग्लंडच्या डावात ७३ षटकं गोलंदाजी आणि १९६ धावांत ५ बळी. त्यानंतर पुन्हा सलामीला येऊन १८४. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात आणखी २४ षटकं. सामना भारत ८ गड्यांनी हरला, पण फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्हींच्या मानफलकांवर लॉर्ड्सला मंकड यांचं नाव आहे.

त्याच वर्षी त्यांनी कसोटीत १००० धावा आणि १०० बळी असा टप्पा २३ सामन्यांत गाठला. हा विक्रम इयान बोथम यांनी १९७९ मध्ये मोडला. जानेवारी १९५६ मध्ये मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध पंकज रॉय यांच्यासोबत ४१३ धावांची सलामी दिली, त्यात मंकड यांच्या २३१. ही भागीदारी ५२ वर्षं अबाधित राहिली. कसोटीत पहिल्या ते अकराव्या अशा प्रत्येक क्रमांकावर फलंदाजी केलेले मोजकेच खेळाडू आहेत, त्यांतले ते एक. सहा कसोटींत नेतृत्वही केलं. त्यातल्या पाकिस्तानातल्या पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या.

१९७३ मध्ये पद्मभूषण मिळालं. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत निधन झालं. थोरला मुलगा अशोक भारताकडून २२ कसोटी खेळला आणि मुंबईचा कर्णधार झाला. सून निरुपमा टेनिसपटू, नातू हर्ष डेव्हिस कप खेळला. वानखेडेवर सामना पाहायला गेला असाल तर विनू मंकड गेट तुम्ही पाहिलं असेल. १९ वर्षांखालील मुलांच्या एकदिवसीय स्पर्धेचा करंडकही त्यांच्याच नावाचा आहे.

मग आज नियम काय सांगतो?

गोलंदाजाला ही संधी नेमकी कधीपर्यंत घेता येते, यावर नियम पुढेमागे होत राहिला. २००० च्या नियमावलीत चेंडू टाकण्याच्या अंतिम पावलाआधीच बेल्स उडवण्याची मुभा उरली. २०१७ मध्ये ती पुन्हा वाढवून चेंडू हातातून सुटणं अपेक्षित असतं त्या क्षणापर्यंत नेली. पण हे सगळं होतं ते अनुचित खेळाच्या कलमात. म्हणजे बाद होणारा फलंदाज, पण वाचणाऱ्याला वाटावं की अनुचित काही केलं ते गोलंदाजानं.

मार्च २०२२ मध्ये एमसीसीनं हा मजकूर त्या कलमातून काढून धावचीतच्या कलमात टाकत असल्याचं जाहीर केलं आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून तो लागू झाला. दीप्तीनं डीनला बाद केलं ते याच्या आठवडाभर आधी. आयसीसीनं २०२१ मध्ये मंकड यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं होतं. मंकडिंग हा शब्द वापरू नका, असं सुनील गावस्कर समालोचन करताना आणि लिहिताना अनेकदा सांगत आले आहेत. नाव द्यायचंच तर नियम मोडणाऱ्या ब्राऊन यांचं द्या, असा त्यांचा युक्तिवाद. धावफलकावर आता फक्त धावचीत एवढंच लिहिलं जातं.