ब्रुनेलचा ताळेबंद

भागधारकांच्या हिशेबवहीतून पाहिले, तर इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेलइतका खर्चिक अभियंता एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये क्वचितच सापडेल.

९ एप्रिल १८०६ रोजी पोर्टस्मथ येथे जन्मलेला हा फ्रेंच पित्याचा पुत्र ऐन विशीत वडिलांच्या हाताखाली थेम्स नदीखालील बोगद्याचे काम पाहू लागला. १८२८ मध्ये नदी आत घुसली. सहा कामगार बुडाले, तो जखमी होऊन वाचला. पुढे १८३३ मध्ये तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा अभियंता झाला आणि १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टॉल लोहमार्ग पुरा झाला. रुळांमधील अंतर त्याने सात फुटांहून किंचित अधिक ठेवले. गाडी वेगाने व स्थिर धावू लागली. पण इतर बहुतेक मार्ग चार फूट साडेआठ इंचांचे. दोन्ही मार्ग जेथे भेटत, तेथे माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. तंत्रदृष्ट्या सरस तेच अर्थदृष्ट्या महाग ठरले. १८४६ च्या कायद्याने अरुंद माप प्रमाण मानले. १८९२ मध्ये उरलेले रुंद रूळही गेले. हवेच्या दाबावर गाडी चालविण्याचा त्याचा साउथ डेव्हनमधील प्रयोग तर वर्षभरातच, १८४८ मध्ये, गुंडाळावा लागला.

'ग्रेट ईस्टर्न' हे त्याचे अखेरचे साहस. वाटेत कोळसा न घेता पूर्वेकडे जाता यावे, म्हणून जहाजाची लांबी ६९२ फूट! जानेवारी १८५८ मध्ये मोठ्या कष्टाने ते पाण्यात उतरले. सप्टेंबर १८५९ मध्ये त्याच जहाजावर ब्रुनेलला पक्षाघाताचा झटका आला आणि १५ तारखेला, वयाच्या ५३ व्या वर्षी, तो निवर्तला. पुढे उतारूंअभावी जहाज तोट्यातच चालले.

पण अटलांटिकपार जाणारी तार एकट्याने पोटात सामावून घेणारे जहाज तेवढेच होते. १८६६ मध्ये त्याने ती तार टाकली आणि १८७० मध्ये मुंबई ते एडनचीही. कापसाचे भाव मुंबईच्या व्यापाऱ्यांना जलद कळू लागले; साम्राज्याची हुकमतही त्याच तारेने घट्ट झाली.

दुसऱ्याच्या पैशावर केलेले धाडस निर्दोष ठरत नाही. बुडालेल्या भागधारकाला पुढच्या पिढीच्या लाभातून छदामही मिळत नाही. मात्र सार्वजनिक उपयोगाच्या कामाचा ताळेबंद वर्षअखेरीस मिटवून त्याला अपयशी ठरविणे, हीदेखील हिशेबातील चूकच होय.